चादरीचं दुसरं टोक

लाँड्रीचं शटर वर जायच्या आधी त्या घरात एक काम उरकावं लागे. आजीला कुशीवर वळवायचं.

आजीचं डावं अंग लुळं पडलं होतं, आणि देह चांगला भारी. एकट्या माणसाच्या हातून ती हलत नसे. म्हणून पलंगाच्या अलीकडं आत्या उभी राही आणि पलीकडं काडी, म्हणजे आत्याची भाची. काडी नाव अंगकाठीवरून पडलेलं, पण मनगटात जोर होता. आजीच्या अंगाखाली एक जाड चादर आडवी घातलेली असे. दोघी तिची टोकं गुंडाळून मुठीत धरत. "हं," आत्या म्हणे, की दोघी मिळून आजीला जरा उचलून सरकवत. मग एकीनं ओढायचं, दुसरीनं पाठीला हात देऊन लोटायचं. पाठीमागं एक उशी, गुडघ्यांच्या मध्ये एक. उशीर झाला की पाठ लाल होई, आणि लाल झालेली कातडी फुटायला वेळ लागत नाही.

"आज तोंड कुठं?" आजी विचारी.

"खिडकीकडं."

"बरं झालं. भिंतीशी बोलून बोलून कंटाळले. एका शब्दानं उत्तर देत नाही, अगदी माझ्या मुलासारखी."

काडी हसे. आत्याही हसे, पण हसताना कंबरेवर हात ठेवून.

खाली दुकान, वर घर. दुकान आत्याच्या भावाचं, त्याला ती दादा म्हणे. वहिनी स्वयंपाक बघून काउंटर सांभाळी. ओल्या कपड्यांच्या टोपल्या उचलून तिच्या पाठीचा मणका सरकला होता आणि डॉक्टरांनी तिला वजन उचलायला बंदी केली होती. थोरला मुलगा एका खासगी कॉलेजात यंत्रांचं शिकत होता. दुसऱ्या वर्षाशी त्याचं इतकं जमलं होतं की ते वर्ष त्याला सोडत नव्हतं. आणि आत्या इस्त्रीच्या टेबलाशी. डॉक्टरांचे पांढरे डगले, हॉटेलच्या चादरी, शाळेचे गणवेश. दुपारी तयार कपडे घरोघर पोचवायलाही तीच.

त्या घरात पिढीला एक मुलगी घराला ठेवायची रीत होती. तसा कुणी ठराव केलेला नव्हता. आधी आत्याच्या वडिलांची बहीण राहिली, तिनं आपल्या आईचं केलं. मग आत्या राहिली. शाळेत ती पहिली यायची, तरी एके वर्षी शाळा सुटली ती सुटलीच. वडील म्हणाले होते, "पैसे असते तर तुला शिकवलं असतं गं." आत्यानं ते वाक्य इतकी वर्षं जपून ठेवलं होतं. गरिबीवर रागावता येत नाही, तिला नाक ना डोळे. राग नसला की माणसाला निमूट जगता येतं. त्या घरात कुणी कुणाला मारत नव्हतं, टाकून बोलत नव्हतं. घर चांगलं होतं, म्हणून तर ही रीत इतकी टिकली.

आता काडी बारावीला शाळेत पहिली आली होती.

निकालाच्या दिवशी समोरच्या शिंप्यानं काउंटरवर कोपर टेकून विचारलं, "पुढं काय करणार लेकीचं?"

दादा शर्टाची घडी घालत होता. "शिकवायला कोण नको म्हणतंय? पैसा कुठाय? फी, राहणं, जेवण, सगळं फुकट देणारं कॉलेज दाखवा. मी स्वतः बॅग डोक्यावर घेऊन पोचवून येतो."

"डोक्यावर?"

"डोक्यावर. चार लोकांत सांगतो."

शिंपी हसला, दुकानातली गिऱ्हाइकंही हसली. मागं आत्या कॉलरवर इस्त्री फिरवत होती. तिचा हात थांबला आणि कॉलरला पिवळट डाग पडला. इतक्या वर्षांत तिच्या हातून जळलेलं ते पहिलं कापड. वहिनी म्हणाली, "वन्सं, लक्ष कुठंय?"

लक्ष वाचनालयात होतं. तिथल्या ग्रंथपालबाईंचे कपडे आत्याच पोचवायची. दुसऱ्या दिवशी गठ्ठा टेबलावर ठेवून ती तिथंच उभी राहिली.

"बाई, हुशार मुलीला सगळं फुकट शिकवणारं कॉलेज असतं का?"

"असतं. पण ते आपल्या दारात येत नाही, आपल्याला शोधावं लागतं." बाईंनी खुर्ची सरकवली. "पोरीला घेऊन या."

मग दुपारच्या दोन वळवण्यांच्या मधला वेळ वाचनालयातल्या संगणकासमोर जाऊ लागला. काडी वाचे, आत्या शेजारी बसून ऐके. आधी मोठ्या नावाची कॉलेजं पाहिली. नाव मोठं, लक्षण खोटं. गुणवत्ता शिष्यवृत्ती म्हणून मोठ्या अक्षरात लिहायचं आणि आत फीमध्ये जराशी सूट. एकीकडं तारीख उलटून गेलेली. काडीचा चेहरा रोज थोडा उतरे.

"मुलींची कॉलेजं बघा," बाई म्हणाल्या. "लोकांना वाटतं, तिथं काय आहे, पोरींना डांबून ठेवलेलं. म्हणून हुशार मुली तिकडं फिरकत नाहीत. पण काही ठिकाणी जुन्या शिकलेल्या बायकांनी आपला पैसा मुलींसाठी म्हणून मागं ठेवलेला असतो. तो द्यायला त्यांना मुलगी मिळत नाही आणि मुलीला तो कुठं आहे हे कळत नाही. आणि एक लक्षात ठेवा, लिहिलंय तेवढंच मिळतं असं नसतं. फोन करून विचारायचं."

आत्या दुकानातून फोन करू लागली. "गुणांवर किती देता? राहणं धरून की सोडून? जेवणाचं काय? दुसऱ्या वर्षी बंद तर नाही ना करत?"

पलीकडचा कारकून एकदा वैतागला. "मावशी, तुम्ही भाजी घेताय का?"

"भाजी घेताना याहून जास्त विचारते," आत्या म्हणाली. "सांगा, जेवणाचं काय?"

एक कॉलेज फी माफ करी, पण राहायला जागा देत नसे. दुसरं जागा देई, पण दुसऱ्या वर्षापासून. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. आत्याचे पाय सुजले. संध्याकाळी ती पायरीवर बसे तेव्हा तिला वाटे, पुरे झालं. मग वरून आजी हाक मारी आणि ती उठे.

शेवटी एक सापडलं. लांबच्या शहरातलं, मुलींचं, जुनं. फी, खोली, जेवण, पुस्तकं, सगळं. गुण टिकवले तर शेवटच्या वर्षापर्यंत. काडीनं अर्ज केला आणि वाचनालयातूनच तिची मुलाखत झाली. आत्या काचेबाहेर उभी राहून ऐकत होती. कॉलेजच्या बाईंनी विचारलं, घरी काय काम करतेस? काडीनं आजीचं सांगितलं.

"मग तू इकडं आलीस तर आजीचं कोण करणार?"

काडीनं काचेबाहेरच्या आत्याकडं पाहिलं. "माहीत नाही," एवढंच म्हणाली.

परत येताना आत्या चालता चालता म्हणाली, "मुलगा असता तर विचारलं असतं का गं तिनं?"

"तिनं वाईट मनानं नाही विचारलं, आत्या."

"वाईट मनानं कोणीच विचारत नाही."

निवड झाल्याचं पत्र आलं ते एका दुपारी, ऐन गर्दीत. शुक्रवारपर्यंत पालकांच्या सहीनं होकार पाठवायचा होता. दादानं ते पत्र दोनदा वाचलं. मग काउंटरबाहेर जाऊन शिंप्याला दाखवलं, शिंप्यानं पानवाल्याला. "माझी पोरगी," दादा म्हणत होता. "खोली, जेवण, पुस्तकं. फुकट. गुणांवर." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. शिंपी म्हणाला, "चला, आता डोक्यावर चुंबळ ठेवा." सगळे हसले. आत्याला वाटलं, झालं. त्या दुपारी तिनं इस्त्री केलेल्या कपड्यांना एकही सुरकुती नव्हती.

रात्री जेवताना दादा म्हणाला, "उद्या कळवून टाकतो, येत नाही म्हणून. नीट आभार मानून."

काडी ताटाकडं बघत होती.

"का?" आत्यानं विचारलं.

"का म्हणजे? आईचं कोण बघणार? तुझ्या एकटीच्यानं होत नाही, हिची पाठ गेलेली. मान मिळायचा तो मिळाला. इथल्या कॉलेजात घालू की तिला, सकाळचं. अकराला घरी."

"पैसा नाही म्हणाला होतास."

"ते मी नुसतं म्हणायचो गं." दादा सहज बोलून गेला. "बाबाही तेच म्हणायचे. चार लोकांत काहीतरी सांगावं लागतं."

आत्याच्या हातातला घास तसाच राहिला. राग यायला हवा होता, तो आला नाही. इतकी वर्षं उपसलेलं काम एकदम अंगावर आल्यासारखा नुसता थकवा आला. गरिबीनं तिचं काहीच बिघडवलं नव्हतं. तिचे हात हवे होते, एवढंच.

वहिनी हळूच म्हणाली, "वन्सं, पोर गेली तर जड तुम्हालाच जाणार."

"मी नाही जात," काडी म्हणाली. "खरंच नाही जात. आत्या एकटी कशी करील?"

आत्यानं तिच्याकडं पाहिलं. याच वयाची असताना आपणही असंच म्हणालो होतो, हे तिला आठवलं. कुणी दावं बांधलं नव्हतं. मायेनंच बांधून घेतलं होतं.

जेवण झालं. दादा अर्धवट राहिलेलं काम संपवायला खाली गेला, थोरला त्याच्यामागं. आजीला वळवायची वेळ झाली होती. काडी सवयीनं पलीकडं जाऊन चादरीला हात घालू लागली.

"तू बस," आत्या म्हणाली.

"आत्या?"

"बस म्हटलं ना." आणि जिन्याच्या तोंडाशी जाऊन तिनं हाक मारली, "दादा, वर ये."

"गिऱ्हाईक आहे."

"थांबेल ते."

दादा वर आला. आत्या पलंगाच्या अलीकडं चादरीचं टोक मुठीत धरून उभी होती. पलीकडची बाजू रिकामी होती.

"ते टोक धर."

"मी?" तो हसला, मग हसायचा थांबला. "अगं, आईला मी कसा... बाईमाणसाचं ते. मला सवय नाही."

"मलाही नव्हती."

"हा काय हट्ट? काडी आहे ना इथं."

"काडी जाणार आहे." आत्याचा आवाज नेहमीसारखाच होता, थकलेला. "त्या कॉलेजच्या स्वयंपाकघरात माणूस हवंय. जेवणाचं विचारायला फोन केला तेव्हाच त्यांनी सांगितलं. राहायला देतात. तेव्हा एक तर ती जाईल आणि या बाजूला मी राहीन, नाहीतर आम्ही दोघी जाऊ. दोघींनी इथं राहायचं, हे आता संपलं."

"आईला टाकून?"

"आई तुझीही आहे."

वहिनी दारात येऊन उभी राहिली. नवऱ्याची बाजू घ्यावी की काय, तिचं ठरत नव्हतं. शेवटी ती काडीजवळ गेली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली.

"काय ते लवकर ठरवा," पलंगावरून आजी म्हणाली. "पाठ जळतीये माझी. आणि तू रे, लाजतोस काय? तुझी दुपटी गिऱ्हाइकाच्या कपड्यांत घालून धुतलीत मी. कुणाला वास नाही येऊ दिला."

दादा पलीकडं गेला. "कुठं धरू?"

"खांद्यापाशी एक हात, कमरेपाशी एक. गुंडाळून."

त्यानं धरलं ते चुकीचं धरलं. आजी अर्धवट कलंडली.

"हळू. गाठोडं आहे का मी?"

दुसऱ्यांदा जमलं. आत्यानं ओढलं, त्यानं पाठीला हात लावून लोटलं. आजी कुशीवर झाली आणि तिच्या अंगातला सदरा वर सरकला. तिची पाठ दादासमोर आली. माकडहाडापाशी तळहाताएवढी लाली होती, शेजारी भरून आलेल्या जुन्या जखमेचा खड्डा. तो तिथंच बघत राहिला.

"हे कधी झालं?"

"पडली तेव्हापासून. होतं, भरतं, पुन्हा होतं."

"दिवसातून किती वेळा वळवता?"

"तू चहा पितोस त्याहून जास्त."

"रात्री?"

"रात्रीही."

दादा मधल्या भिंतीकडं बघू लागला. भिंतीपलीकडं त्याची खोली होती. भिंत फळ्यांची होती. इतकी वर्षं त्या फळ्यांतून आलेलं "हं" त्याला एकदाही ऐकू आलं नव्हतं. ऐकू आलं असेल, तरी ते कशाचं हे त्यानं कधी विचारलं नव्हतं.

त्यानं आईचा सदरा खाली ओढला. उशी कुठं लावायची ते विचारलं आणि लावली. मग कपाळ पुसून म्हणाला, "काडे, ते पत्र आण. सही कुठं करायची दाखव."

काडी हलली नाही. वहिनीनं तिला पुढं ढकललं.

सही झाली. आत्या पलंगाच्या पायथ्याशी टेकली. तिला बरं वाटत होतं असं नाही. तिला बसायचं होतं. पोर जाणार, रात्री तशाच येणार, आणि या माणसाचे हात सरावायला वेळ लागणार, हे तिला दिसत होतं. दादा खाली जायला निघाला, जिन्याशी थबकला, आणि वाकून त्यानं हाक मारली.

"थोरल्या, वर ये."

"का?"

"ये म्हणतो ना. आजीपाशी."

दादानं मागं वळून बहिणीकडं पाहिलं. आत्या आजीच्या गुडघ्यांमधली उशी सारखी करत होती. मुलाला कशाला बोलावलं, हे त्यानंच सांगायला हवं होतं.

खालून पुन्हा थोरल्याचा आवाज आला, "पण आजीपाशी माझं काय काम आहे?"