भीतीनं काळी पडणारी गुलाबी बोआ

मित्रांनो, हे तुम्हांला कुणालाही खरं वाटणार नाही, ते आधीच सांगून ठेवते. मी एक जुनी बोआ, म्हणजे अजगराच्या नात्यातली सापीण आहे, होंडुरासच्या समुद्रातल्या एका टीचभर बेटावरची. आणि या अख्ख्या बेटावर जिला कशाची म्हणजे कशाचीच भीती वाटत नाही, अशी मी एकटी. मागच्या वादळाला मी नुसते डोळे वटारून माघारी धाडलं. आम्हां सापांना पापण्या नसतात, त्यामुळे डोळे वटारणं आम्हांला सोपं जातं.

माझ्या फांदीखाली पिलं गुंडाळी करून बसली आहेत. सगळ्यांत लहान आहे तिला आम्ही करंगळी म्हणतो. तिला माझा एक शब्द खरा वाटत नाही. तरी ऐका.

आम्ही बोआ दिसायला भावंडं, पण गावोगावचं वळण निराळं. समोरच्या मोठ्या किनाऱ्यावरचे बोआ थोराड असतात. त्यांच्या पाठीवर गडद तपकिरी ठिपके, वटवाघळानं पंख पसरावेत तसे. आम्ही बेटावरचे अंगानं लहान, रंगानं फिके गुलाबी, जणू कुणी आमचे ठिपके धुऊन उन्हात वाळत घातलेत. दूर दक्षिणेच्या जंगलातला, खरोखर लाल शेपटीचा, तो आणखी तिसराच. पण माणसांच्या बाजारात सगळ्यांनाच ‘लाल शेपटीचा’ म्हणून खपवतात.

आमची एक खोड मात्र नीट लक्षात ठेवा. अंगाला ऊब आणि जिवाला स्वस्थता असली की आम्ही फिके होतो. गारठलो, भ्यालो की काळवंडतो. याच खोडीपायी मी घरादाराला मुकणार होते.

मी जेमतेम वीतभर असताना क्रिस्पिन नावाच्या खलाशानं मला टोपीत घालून समोरच्या किनाऱ्यावरच्या ला सेइबा गावी नेलं. तो जहाजावरचा आचारी. त्यानं मला स्वयंपाकघरात एक पेटी दिली. त्याची बायको युलोहिया खोबऱ्याच्या दुधातले पाव भाजून धक्क्यावर विकायची. पिठाच्या पोत्यांमागचे उंदीर माझ्याकडे लागले. एकदा मी बोकडाएवढा उंदीर गिळला होता.

(“मांजराएवढा म्हणाला होतात गेल्या वेळी,” करंगळी म्हणते. उंदीर मेल्यावरसुद्धा वाढतात, मित्रांनो.)

खलाशी मला बघायला येत. “काय रे क्रिस्पिन, ही बोआ म्हणायची की सोललेली कोळंबी?” असं विचारत. क्रिस्पिनला कोण अभिमान! पुढं त्यानं डोंगराकडचा एक बोआ आणला, गॉर्दो नावाचा. त्याची पेटी त्यानं कायम वेगळी ठेवली. “जिथलं बी तिथंच रुजावं. दोघांची भेळ करायची नाही,” असं बजावून सांगायचा.

मग क्रिस्पिन वारला. माझ्या पेटीवर धूळ बसली. युलोहिया लांबूनच उंदीर टाकायची आणि पळायची. तिला आमची किळस नव्हती, धास्ती होती. मीही मग पेटीच्या कोपऱ्यात पडून राहायची. कौतुकाची सवय लागलेल्या जिवाला हे फार जड जातं.

ती लेकीकडे राहायला जायला निघाली. त्याच सुमारास क्रिस्पिन तिच्या स्वप्नात आला आणि मला बेटावर, घरी पोचवायला सांगून गेला. क्रिस्पिनच्या लोकांत मेलेल्या माणसानं स्वप्नात येऊन काही मागितलं तर ते द्यावंच लागतं. नाही दिलं तर घरात आजारपण शिरतं. तिचा दीर निकासिओ होडी घेऊन बेटावर जायचाच होता. गॉर्दोला न्यायला एक व्यापारी येणार होता, दुपारी. सगळं ठरलं होतं.

आणि घोटाळा केला निकासिओनं. तो हाडाचा कोळी. होडीत जे चढवायचं ते ओल्या पोत्यात भरूनच, एवढंच त्याला ठाऊक. युलोहिया धक्क्यावर गेलेली असताना त्यानं कुठली न्यायची ते न विचारताच दोन्ही पेट्या रिकाम्या केल्या, आम्हां दोघांना मासळीसारखं दोन ओल्या पोत्यांत भरलं आणि वरून विहिरीचं गार पाणी ओतलं. गॉर्दो तेव्हा वाढत्या वयाचा, अंगानं अगदी माझ्याएवढा.

मी गारठले. भ्याले. काळी ठिक्कर पडले.

युलोहियानं परत येऊन दोन्ही पोती उघडली.

“भाऊजी, हे काय करून ठेवलंत? माझी गुलाबी कुठाय?”

“यातलीच एक, वहिनी.”

“यातली कुठली?”

“ते तुम्ही सांगायचं. तुमच्या घरात होती.”

“मी काय तिच्या वेण्या घालत होते? हे दोन्ही काळे आहेत!”

“दादानं स्वप्नात येऊन निशाणी तरी सांगायची होती.”

“जिवंतपणी कधी धड दोन वाक्यं बोलले नाहीत तुमचे दादा, आता कुठले बोलतायत! ‘गुलाबीला घरी पोचव’ म्हणाले आणि पाठ फिरवली.”

(“आजी, आपल्याला तर कान नसतात. मग हे ऐकलंत कसं?” करंगळी विचारते. जबडा जमिनीला टेकवला की सगळं ऐकू येतं गं. जरा दम धर.)

तेवढ्यात व्यापारी आला. मोठी पेटी घेऊनच. त्यानं वाकून पाहिलं आणि जीभ टाळ्याला लावून टक्क केलं. “बाई, दोन्ही एकाच रंगाचे, दोन्ही लाल शेपटीचेच. टाका माझ्या पेटीत. जोडी लावतो. पिलं साता समुद्रापार जातील.”

“आणि चुकीचा साप बेटावर धाडून भेळ केली, तर हे रोज माझ्या उशाशी येऊन बसतील,” युलोहिया पुटपुटली. मग व्यापाऱ्याला म्हणाली, “भाऊजींचं जेवण होईपर्यंत थांबा. तोवर कळलं नाही, तर दोन्ही न्या.”

मित्रांनो, जेवण म्हणजे किती वेळ! मी स्वतःला बजावलं, भिऊ नकोस, फिकी पड, फिकी पड. पण भिऊ नकोस म्हटलं की भीती दुप्पट होते. परीक्षेच्या सकाळी तुम्हांलाही हे कळलं असेल. जितकी घाबरत होते तितकी काळी होत होते, आणि जितकी काळी होत होते तितकी घाबरत होते. ती पेटी, तो परका बोआ, कुठल्या तरी थंड देशातली काचेची पेटी, आणि त्या काचेवर दुसऱ्याच कुणाचं तरी नाव! माझं बेट तिथून दिसतसुद्धा नव्हतं, पण मला त्याचा वास आठवला.

“पायात येतील मेले,” म्हणून युलोहियानं दोन्ही पोती उचलून भट्टीच्या भिंतीला टेकवली. आत पाव फुगत होते. मग तिनं दिराच्या जेवणासाठी उकडलेली केळी कुटायला उखळात टाकली आणि मुसळ उचललं. धप्प. धप्प. धप्प.

तो हादरा जमिनीतून माझ्या पोटाखाली आला. मी ओळखला. वर्षानुवर्षं याच तालावर मला झोप लागत होती! क्रिस्पिन होता तेव्हा, पेटी लख्ख होती तेव्हा, हाच ताल असायचा. पोतं सुकत गेलं. भिंतीची ऊब पाठीत शिरली. बेटाचं, पेटीचं, व्यापाऱ्याचं सगळं विसरून मी गुंडाळी सैल सोडली.

निकासिओ बोटं चाटत उठला आणि पोत्यात डोकावला. “वहिनी, पाव पोत्यात का ठेवलाय?”

“कुठला पाव?”

“हा काय, गोल, फुगलेला! थोडा कच्चाच आहे.”

युलोहिया हातातलं काम टाकून धावली. शेजारच्या पोत्यात गॉर्दो होता तस्साच, गडद, वटवाघळी ठिपक्यांचा. आणि इकडे मी, गुलाबी! तिनं तोंडावर पदरासारखा हात धरला आणि मला म्हणाली, “बये, जीव काढलास की गं!” त्या घरात पहिल्यांदाच तिनं मला हात लावला.

व्यापारी लगबगीनं पुढं आला. “थांबा, थांबा. मग ती गुलाबी मीच घेतो.”

“मघाशी दोन्ही सारखेच होते ना तुम्हांला?” युलोहिया म्हणाली. “मग उरलेला न्या.”

अशी मी घरी आले. गॉर्दो कुठं गेला, कुणाच्या काचेमागं कुठलं नाव लावून बसला, मला कधीच कळलं नाही. म्हणून मित्रांनो, हात जोडता येत नाहीत तरी हात जोडून सांगते. कुठलाही जीव पाळलात, तर तो कोण, कुठला, हे आधी विचारा. रंगावर जाऊ नका. तो बिचारा त्या क्षणी नुसता भ्यालेला असेल.

मला विचाराल तर माझी भीती त्या भट्टीपाशीच जळून गेली. त्या दिवसापासून आजतागायत मी कशालाही...

फांदी थरथरली. खालून, वाळूतून, खडकातून बारीक गुरगुर येते आहे. होडीचं इंजिन. येतात होड्या, रोजच येतात. पाणी आणतात, मासळी नेतात, कधी टोपीतून एखादं पिलूही. त्यात काय एवढं? मी मघापासून छान उन्हात पडले आहे. मी कशालाही...

“खोटं!” करंगळी ओरडते. “आजी, उन्हात बसून काळ्या पडलात!”