कागदापुरतं कापलेलं टेबल

मी टेबल बोलतोय. खरं तर अर्धंच टेबल. हसू नका, मला दोनच पाय आहेत, आणि कापलेली बाजू भिंतीला टेकवून मी कसाबसा उभा असतो.

जन्मलो तेव्हा चांगला लांबलचक होतो. या घरच्या वडिलांनी बांधावरचं वठलेलं झाड पाडून मला स्वतःच्या हातानं घडवलं. एका टोकाला दादा बसायचा, दुसऱ्या टोकाला त्याची बहीण, धाकटी. ती ट्रॅक्टरवरून उतरून तशीच यायची आणि तेलकट हात गुपचूप माझ्या खालच्या अंगाला पुसायची. वडील गेल्यावरही दोघं शेवटच्या घासावरून भांडत माझ्यावरच जेवायची. तेव्हा मला काही कमी नव्हतं.

मग गव्हाचा भाव कोसळला. ठरलेला भाव आणि बाजारभाव यांतला फरक सरकार एकराप्रमाणे भरून देणार, असं जाहीर झालं. पण एका कुटुंबाला ठरावीक एकरांपर्यंतच. दादाचं डोकं लगेच चालू लागलं.

"आपण दोन कुटुंबं दाखवू. खालचं शेत माझ्या नावावर, वरचं तुझ्या."

"वरच्या शेतात दगडांशिवाय काय पिकतं रे?"

"सरकार एकर मोजतं, दगड नाही. आणि कसायचं एकत्रच की! हे नुसतं कागदापुरतं गं. माझ्यावर विश्वास नाही का?"

विश्वास होता, तिथंच घोडं पेंड खात होतं.

तपासणीला सरकारी मॅडम येणार म्हणून घराच्या मधोमध भिंत घातली. वाटेत मी आडवा. दादानं करवत आणली. "मॅडम गेल्या की जोडून टाकू. चार खिळ्यांचं काम!" मला तडा जाऊ नये म्हणून धाकटीनं माझं टोक घट्ट धरून ठेवलं होतं. मी ओरडलो, पण करवतीपुढे माझं कोण ऐकणार?

"खरंच वेगळ्या राहता?" मॅडमनी विचारलं. धाकटीनं भावाकडे पाहिलं आणि म्हणाली, "हो, वेगळीच." वाटणीच्या कागदावर तिची सही झाली. दोघांनाही अनुदान आलं.

"दादा, खिळे आणलेस?"

"आत्ता नको, परत तपासणी आली तर?"

मग पेरणी उरकू दे, मग कापणी होऊ दे. एके दिवशी खालच्या शेताला कुंपण पडलं. धाकटी जाब विचारायला गेली, तर म्हणाला, "तुझं वरचं आहे ना? सही तूच केलीस." माझा दुसरा अर्धा भाग त्यानं गोठ्यात टाकलाय, त्यावर फवारणीचे डबे ठेवतो. धाकटी फसली, आणि तिला फसवायला मला साक्षीदार केलं. याची चीड मला अजून येते.

परवा त्याच मॅडम पुन्हा आल्या. कुणीतरी तक्रार केली होती, कुटुंब एकच आहे म्हणून. धाकटीनं तसं कबूल केलं असतं, तर वाटणी रद्द होऊन खालच्या शेतात तिचा वाटा परत आला असता. पण दोघांनाही अनुदान परत भरावं लागलं असतं. दादा दारात उभा होता, तोंड एवढंसं करून. "सांग ना गं मॅडमना, आपलं काय ते."

कित्येक दिवसांनी त्याच्या तोंडून 'आपलं' ऐकलं.

धाकटीचा हात भिंतीला टेकलेल्या माझ्या कापलेल्या कडेवरून फिरत होता. एकच कुटुंब आहोत, असं म्हणायला तिची जीभ काही वळेना.

"वेगळीच आहे, मॅडम. लिहून घ्या."

मागच्या खेपेला ती खोटं बोलली होती. या खेपेला एक अक्षर खोटं नव्हतं. "शहाणी माझी बहीण!" म्हणत दादा निघून गेला. धाकटी मात्र माझ्यावर डोकं टेकून रडली.

धाकटे, आता मला त्या अर्ध्याशी जोडू नकोस. दोन पाय तेवढे लाव, म्हणजे ही भिंत तरी सुटेल. चार खिळ्यांचंच तर काम आहे.