धावडमाचीला गेलेला फिरकीचा तांब्या

मित्रांनो, मला जुना म्हणा, पोचा पडलेला म्हणा, काय हवं ते म्हणा, पण आधी ऐका, कारण हे सगळं मला कधीपासून कुणाला तरी सांगायचंय. मी एक जुना फिरकीचा तांब्या आहे. पितळेचा. पोट गोल, गळा आखूड, आणि गळ्यावर आटे पाडलेलं झाकण, तीच माझी फिरकी. ती एकदा आवळली की मला उलटा करा, आडवा करा, गाडीत बाकाखाली लोळवा, थेंब सांडणार नाही.

माझा जन्म पुण्याच्या तांबट आळीतला. तिथं ठोक्यांचा एवढा आवाज असायचा की कारागीर एकमेकांशी खुणांनीच बोलायचे. माझे आटे पाडून झाल्यावर माझ्या कारागिरानं मला पाणी भरून दिवसभर उलटा टांगला. संध्याकाळी खालची जमीन हातानं चाचपली. कोरडी. त्यानं शेजारच्याला खूण करून मला दाखवलं. मला अजून ते आठवतं.

पहिले मालक एक वकील. त्यांच्याबरोबर मी काशी पाहिली, नाशिक पाहिलं. मग त्यांच्या मुलानं थर्मास आणला आणि मी गेलो माळ्यावर, माळ्यावरून जुन्या बाजारात. तिथं फुटकी छत्री आणि एका घड्याळाचा सांगाडा यांच्यामध्ये मी किती महिने पडून होतो, मोजलं नाही. एका रविवारी ज्योतीरामनं मला उचललं, कानाजवळ हलवून बघितलं आणि घेतलं.

ज्योतीराम जावळीकडचा. पिंपरीत औषधांचा नवा कारखाना निघाला, तिथं तो लागला होता. चिंचवडला दोन खोल्यांत तो आणि त्याची आई मंजुळाबाई राहायचे. त्याच्याच खात्यात दत्तोबा होता, चिखलीचा, घरची शेती असलेला. दत्तोबाला सगळं माहीत असायचं. निदान तो तसं बोलायचा.

तर झालं असं. सत्तावन्न साली सव्वीस जानेवारी आली शनिवारी. म्हणजे शनिवार, रविवार लागून सुट्टी. दत्तोबा म्हणाला, "ज्योतीराम, तुमच्या डोंगरात जुनी खाण हाय म्हनतोस, दाव की एकदा. दोन दिवस हवा खाऊन येऊ."

ती खाण धावडमाचीला. वर, घाटमाथ्यावर. पूर्वी तिथं लोखंडाचा दगड काढायचे, कोळसा पेटवून गाळायचे. भट्ट्या कधीच विझल्या होत्या. पण मंजुळाबाईंचं माहेर तेच.

मंजुळाबाई लगेच म्हणाल्या, "मी पण येणार."

ज्योतीरामला ते खरंच वाटेना. कारण मित्रांनो, बारा वर्षं त्या माहेरी गेल्या नव्हत्या. तिथं त्यांची धाकटी बहीण अंबूबाई राहायची, आणि दोघींचं फाटलं होतं. त्यांचे वडील, आबा, गेले तेव्हा मंजुळाबाई दोन दिवस उशिरा पोचल्या. आबांच्या तोंडात शेवटचं पाणी अंबूबाईनं घातलं होतं. मंजुळाबाई दारातच म्हणाल्या होत्या, "तू माझ्यासाठी थांबली न्हाईस. आता तुझ्या हातचं पाणी मी जन्मात पिणार न्हाई." आणि उलट्या पावली परत.

"आई, राहायचं मावशीकडेच," ज्योतीराम म्हणाला. "तिथं दुसरं कोण आहे आपलं?"

"राहीन की. माहेर माझं बी हाय. आबांची खाण डोळं मिटायच्या आत बघायचीय मला. भाकरी माझी नेईन, पाणी माझं नेईन."

"दोन दिवसांचं पाणी?"

"त्यो तांब्या कशाला आणलायस मग?"

म्हणजे मी. त्या बाईची शपथ माझ्या पोटात जाणार होती. मी ठरवलं, सांडायचं नाही. काशीला जाऊन आलेला तांब्या आहे मी, चार तासांचा घाट तो काय.

पण निघायच्या पहाटे दत्तोबा आला. मंजुळाबाईंचं पोट मागच्या महिन्यात बिघडलं होतं, म्हणून पाणी उकळून ठेवलं होतं. ते गार व्हायला वेळ कुठं होता, गाडीची वेळ झालेली. दत्तोबानं ते वाफाळतं पाणी तसंच माझ्यात ओतलं, फडक्यानं धरून फिरकी लावली आणि दात ओठ खाऊन आवळली.

"कारखान्यात असंच करत्यात, काकी. गरम असतानाच बंद करायचं. जंतू म्हनून शिरायचा न्हाई."

मित्रांनो, कारखान्यातल्या बाटलीला ते ठीक असेल. मी तांब्या आहे. मला सांगता आलं असतं तर तेव्हाच सांगितलं असतं.

पुण्यापर्यंत आगगाडी, पुढं वाईवरून एसटी, आणि मग पायवाट. जसजसे आम्ही वर चढलो तसतसा वारा गार लागायला लागला. माझ्यातलं पाणी निवलं, वाफ आतल्या आत विरली आणि फिरकी माझ्या गळ्याला अशी चिकटली की मलाच धाप लागली.

अर्ध्या चढावर मंजुळाबाई दगडावर बसल्या. "दे रे पाणी."

ज्योतीरामनं फिरवलं. नाही. दत्तोबानं मला गुडघ्यांत धरून, धोतराच्या सोग्यानं फिरवलं. नाही.

"जंतू नाही शिरला, दत्तोबा," ज्योतीराम म्हणाला, "पण आता माणसाचंही चालत नाही."

दत्तोबा चिडला. वाटेच्या कडेला काळे, जड खडे पडले होते, जुन्या भट्ट्यांतून निघालेला लोखंडाचा किट. त्यातला एक घेऊन त्यानं मला हाणला. हा माझ्या पोटावर पोचा दिसतोय ना, तो तेव्हाचा. फिरकी हलली नाही.

"राहू दे," मंजुळाबाई म्हणाल्या. ओठ कोरडे पडले होते. "वाटंत झरा हाय ना?"

झरा होता, पण जानेवारीत त्याचा नुसता ओला दगड उरला होता. त्यांनी तो हातानं पुसला, हात तोंडावरून फिरवला आणि उठल्या. मला वाटलं होतं, आता म्हणतील परत फिरा. त्या सगळ्यांच्या पुढं चालायला लागल्या.

धावडमाची म्हणजे लाल मातीची पंधरा घरं. खाणीचं तोंड करवंदीनं झाकलेलं. दत्तोबा वाकून बघतो आणि म्हणतो, "एवढीच? मला वाटलं गाड्या-बिड्या असतील."

"माझ्या आज्यानं ह्यात गुडघ्यावर बसून दगड फोडलाय," मंजुळाबाई म्हणाल्या. "तुला उभं राहायला जागा न्हाई म्हनून बारीक वाटती." मग त्या आत वाकून तिथल्या दगडाला बराच वेळ हात लावून उभ्या राहिल्या.

आणि मग अंबूबाईचं घर. अंबूबाई दारात आल्या. बहिणीकडं बघितलं, कोरड्या ओठांकडं बघितलं, आत वळल्या आणि कळशीतलं पाणी घेऊन आल्या. मंजुळाबाई ओट्यावर बसल्या, तोंड फिरवून.

"माझं पाणी हाय माझ्यापाशी."

"मग पी की."

शेवटी ज्योतीरामनं मला पुढं केलं. "मावशी, हा उघडत नाही."

अंबूबाईंनी मला हातात घेतलं, फिरकीवर अंगठा दाबला. "गरम भरलंय कुणी?"

दत्तोबा आढ्याकडं बघायला लागला.

"लोखंड गाळणाऱ्यांच्या गावात आलायस, बाबा," अंबूबाई म्हणाल्या. "धातूला जोर न्हाई दाखवायचा. ऊब दाखवायची." त्यांनी मला चुलीपाशी नेलं आणि निखाऱ्यांच्या कडेला, आचेवर फिरवत धरलं. माझं पोट तापलं, आतलं पाणी कुजबुजायला लागलं. मग त्यांनी पदरानं धरून दोन बोटांनी फिरकी फिरवली. फुस्स झालं आणि मी मोकळा झालो.

मला घेऊन त्या ओट्यावर आल्या, पण मला मंजुळाबाईंच्या हातात दिलं नाही. समोर बसल्या.

"आक्का, पाणी तुझं हाय, चिंचवडचं. पण देण्याआधी ऐकावं लागंल. बारा वर्षं तू माझ्या दारात टेकली न्हाईस, सांगू कवा?"

मंजुळाबाईंनी फिरवलेलं तोंड तिच्याकडं वळवलं.

"आबांनी दोन दिवस पाणी घेतलं न्हाई. मंजी येऊ दे, तिच्या हातनं घेतो, म्हनायचे. नदीला पूर, तू पलीकडं अडकलेली, मला ठावं होतं. त्यांना दिसायचं बंद झालं व्हतं. ओठ फाटलेले. मी तरी किती बघू? मग मी आवाज बदलला आन् म्हनलं, आबा, मी मंजी आले. तवा तोंड उघडलं. दोन घोट घेतले. म्हनले, मंजे, पाणी गार हाय गं."

अंबूबाईंनी मला पुढं केलं. "घे. तुझ्याच नावानं पाजलंय मी त्यांना. मला माझ्या नावानं पाजायचं व्हतं, पर ते न्हाई घडलं."

मंजुळाबाईंनी मला घेतलं. माझ्या तोंडातून ओंजळीत थोडं पाणी ओतलं. ते चुलीपाशी तापलेलं. त्यांनी ओंजळीकडं बघितलं, ती हळूच ओट्याखाली सोडली, आणि मला बाजूला ठेवलं.

"हे गरम हाय," त्या म्हणाल्या. "मला तुझ्या कळशीतलं दे. गार."

अंबूबाईंनी वरून धार धरली आणि मंजुळाबाई पीत राहिल्या, पीत राहिल्या. अर्धं पाणी मानेवरून लुगड्यावर गेलं. ज्योतीराम कळशी धरायला पुढं झाला तर अंबूबाईंनी त्याला कोपरानं मागं सारलं.

रविवारी दुपारी सगळे निघाले. पिशव्या उचलताना ज्योतीरामनं विचारलं, "आई, तांब्या कुठं?"

"राहू दे अंबीकडं. पुढच्या बारीला मला पाणी आणायचं न्हाई."

असा मी इथं राहिलो, मित्रांनो, डोंगरावर, फडताळात. प्रवासाचा तांब्या, आणि आता प्रवास नाही. माझी कल्हई गेलीय, कल्हईवाला इतक्या वर येत नाही. कधी कधी मला आगगाडीची फार आठवण येते. पण दर सुट्टीला चिंचवडहून मंजुळाबाई चढून येतात, रिकाम्या हातानं, धापा टाकत, आणि आधी पाणी मागतात. तेवढ्यासाठी मी इथं पडून राहायला तयार आहे.

तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी अडगळीत असेल तर त्याला काढा, चिंच लावून घासा, कल्हई करून आणा. गरम पाणी भरून लगेच फिरकी आवळू नका. आणि एखाद्या घरचं पाणी तुम्ही टाकलं असेल, तर एकदा तिथं जाच. बरोबर काही नेऊ नका. चांगली तहान लागली की जा.