भाज्याची डोली आणि अकरा दगड

मित्रांनो, मला चाकं नाहीत आणि घोडाही नाही. एक खुर्ची, दोन लांब दांडे आणि ते उचलणारे चार खांदे, एवढीच मी. तरीही लोहगडाच्या दरवाज्यात मी दोनशे चौदा वेळा पोचले आहे. हा आकडा अंदाजाचा नाही. गडाच्या प्रत्येक फेरीनंतर माझ्या पाठीच्या फळीवर विळ्याच्या टोकाने एक रेघ ओढली जाई. रेघा अजून आहेत. ज्याला शंका असेल त्याने गडाच्या पायथ्याशी भाजे गावात यावं आणि मोजून घ्याव्यात.

माझा जन्म १९१४ सालच्या मार्गशीर्षातला. लोणावळ्याच्या बाजारात चाँदभाई सुतारांचं दुकान होतं. माझी चौकट सागाची, बैठक वेताची आणि दांडे नऊ हात लांब, भरीव बांबूचे. चाँदभाईंनी आधी बसणाऱ्याचं माप घेतलंच नाही. मला उचलणाऱ्या चारही जणांना दुकानात उभं करून त्यांनी सुतळीने खांद्यांची उंची मोजली. "बसनारा घडीभर बसतो," ते म्हणाले, "उचलनाऱ्याला जलमभर उचलायची असती." त्या मापामुळे मी कधी एका अंगाला झुकून चालले नाही.

मला उचलणारे भाज्याचेच शेतकरी. भात झोडून कणगीत पडलं की त्यांचे हात मोकळे होत, आणि नेमकी तेव्हाच नाताळची सुट्टी लागे. मुंबई-पुण्याची कुटुंबं लोणावळ्याला बंगल्यांत उतरत. अंगणात बॅडमिंटन चाले, शेकोटीत रताळी भाजली जात, भाड्याच्या सायकली दिवसभर फिरत. राजमाचीच्या टोकावर उभं राहून घाटात चढणारी आगगाडी पाहायला तर रोज गर्दी असे. पण सगळ्यात मानाची सहल लोहगडाची. सकाळच्या गाडीने मळवलीला उतरायचं, भाज्यावरून गायमुखाची खिंड गाठायची आणि दहाच्या आत गडावर पोचायचं. कारण हिवाळ्यात पवन मावळात जे धुकं साचतं, ते वरून समुद्रासारखं दिसतं आणि दहानंतर विरून जातं. ज्यांना चालवत नसे त्यांना हा समुद्र मी दाखवला. याचा मला गर्व आहे आणि मी तो लपवत नाही.

आता आमची चालण्याची रीत सांगते. पुढे दोघे, मागे दोघे. मागच्या दोघांना वाट दिसत नाही, कारण मध्ये मी असते. म्हणून पुढचा हाळी देतो आणि मागचा तीच परत देतो. "दगूड डावा!" की "डावा!" "पायरी!" की "पायरी!" मागून उत्तर आलं नाही तर पुढचा जागीच थांबतो. खिंडीपासून गडाच्या पायऱ्यांपर्यंत वाटेवर अकरा मोठे दगड होते. पावसाच्या पाण्याने वाट वाहून जाऊ नये म्हणून गावाने ते आडवे लावलेले, काही डाव्या अंगाला, काही उजव्या. म्हणजे त्या टप्प्यात अकरा हाळ्या ठरलेल्या. हाळी ऐकू यावी म्हणून बसणाऱ्याने खिंडीपुढे बोलायचं नाही, हा नियम. आणि पुढच्याने चुकीची हाळी दिली तर त्याने दांडा सोडायचा, पुन्हा कधी धरायचा नाही, हा दुसरा.

हाळी देणाऱ्याचं नाव रखमाजी. पहिल्या दिवसापासून पुढचा डावा दांडा त्याचा. त्याच्या बरोबर मागे महिपती. हा रखमाजीपेक्षा बारा वर्षांनी लहान आणि जिभेने तिखट.

साधारण १९२९ च्या हिवाळ्यापासून मला एक फरक जाणवू लागला. रखमाजीची हाळी लवकर येऊ लागली. पूर्वी दगड चार पावलांवर आला की तो ओरडे, आता दहा पावलं आधीच. पाहुणे म्हणत, काय नजर आहे म्हाताऱ्याची! गावातही त्याचं कौतुक झालं. मला मात्र ते पटेना. डोळ्यांनी पाहणारा माणूस दगड आला की बोलतो. पावलं मोजणारा त्याच्या आधी बोलतो.

२७ डिसेंबर १९३१, रविवार. त्या दिवशी माझ्यावर लीलाबाई बसल्या होत्या. पुण्यात तीस वर्षं मुलींना गणित शिकवून निवृत्त झालेल्या. दोन वर्षांपूर्वी पडून कंबरेचं हाड मोडलेलं, पण जिभेला काही झालेलं नव्हतं. दर फेरीला खिंड येईपर्यंत त्या अखंड बोलत. खिंड आली की रखमाजी म्हणे, "बाई, आता तोंड बंद." पुण्यात त्यांना असं सांगायची कोणाची छाती नव्हती. इथे त्या हसून ओठ मिटत. त्यांच्याबरोबर आलेल्या भाच्या त्या दिवशी पुढे पळत गेल्या होत्या.

सात दगड नीट ओलांडले. आठव्याला रखमाजी ओरडला, "दगूड डावा!" महिपतीने "डावा!" म्हणून पाय उंच उचलला, आणि तो हवेतच पडला. दगड तिथे नव्हताच. आदल्या दिवशी सहलीला आलेल्या मंडळींनी चूल मांडायला तो उचलून सहा पावलं वर नेला होता आणि स्वयंपाक आटोपल्यावर, काजळी धरलेला, वाटेच्या मधोमध टाकून ते निघून गेले होते. महिपती सावरतो न सावरतो तोच रखमाजीची नडगी त्या दगडावर आपटली आणि तो गुडघ्यावर आला. मी पुढे डावीकडे कलंडले. उसळून उजवीकडे गेले असते तर तिकडे दरी होती. महिपतीने दांडा छातीशी धरून मला डावीकडच्या दरडीवर दाबलं. माझा हात दरडीला घासला आणि त्याला चार बोटं लांब चीर गेली. लीलाबाईंना खरचटलंसुद्धा नाही.

मला खाली टेकवल्यावर महिपती पुढे आला.

"रखमाजीभाऊ, दगूड कुटं व्हता? म्या हवंत टांग टाकली की!"

रखमाजी नडगी चोळत राहिला.

"आन् ह्यो मधी पडल्याला तरी दिसला न्हाई?"

"काळा झालाय त्यो."

"काळा? आवो, माज्या म्हशीच्या डोक्याएवढा हाय!"

रखमाजी त्या दगडावरून हात फिरवत म्हणाला, "न्हाई दिसत, महिपती. समोर धुरकाट आन् बाजूला काळोख. दोन वर्सं झाली. घरातली सोडून कुनाला ठावं न्हाई."

"दोन वर्सं!" महिपतीचा आवाज चढला. "आन् आमी तुमच्या जिभंवर पाय टाकतोय!"

रखमाजीने खांद्यावरच्या फडक्याची घडी काढली आणि माझ्या चिरलेल्या हातावर ठेवली. नियम त्यानेच सतरा वर्षं सांभाळला होता. आता त्याने दांडा सोडला. तिघांना मला वर नेता येईना आणि खालीही आणता येईना. लीलाबाईंच्या घड्याळात नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती.

"आता मी बोलू का?" लीलाबाईंनी विचारलं.

"बोला, बाई," रखमाजी म्हणाला.

"महिपती, मागून तुम्हाला काय दिसतं?"

"काय दिसनार? खुर्चीची पाठ. सतरा वर्सं तेवढीच बघतोय."

"वाट दिसते?"

"न्हाई."

"दगड?"

"न्हाई."

"मग मागच्याला डोळे कशाला लागतात?"

"डोळं न्हाई लागत," महिपती सावकाश म्हणाला. "कान लागत्यात."

सगळ्यांनी रखमाजीकडे पाहिलं. त्याची मान ताठ झाली. "म्या मागं? सतरा वर्सं पुढं चाललोय म्या."

"आन् म्या सतरा वर्सं मागं. माजं काय नाक कापलं?"

"दांडा सुटला माजा. नेम हाय."

"फुडचा दांडा सुटला," महिपती म्हणाला. "मागल्याचं नेमात काय बी न्हाई. धरा गुमान. पन एक सांगतो, मला हाळी द्याया न्हाई येत."

"येती. सतरा वर्सं ऐकलीस न्हवं?"

फडकं रखमाजीने पुन्हा खांद्यावर घातलं आणि तो मागे गेला. नवव्या दगडाला महिपतीची हाळी उशिरा आली. मागून रखमाजी गरजला, "पायाखाली आल्याव काय सांगतोस? आदी सांग!" दहाव्या दगडाला ती वेळेवर आली. पायऱ्या लागल्यावर तर दोघांचे आवाज असे जुळले, की वरून उतरणारी माणसं बाजूला होऊन ऐकत उभी राहिली.

नऊ पन्नासला आम्ही वर पोचलो. धुक्याचा समुद्र जागेवर होता. तुंग आणि तिकोना या गडांचे माथे तेवढे वर आलेले. लीलाबाईंनी रखमाजीला शेजारी बसवून कुठे काय दिसतं ते सगळं सांगितलं, अगदी गणिताच्या बाईंसारखं, बोटांनी माप दाखवत. भाच्यांनी डबे सोडले. त्या दिवशी पावट्याची उसळ आणि बाजरीची भाकरी सर्वांनी एका पंगतीत खाल्ली.

उतरताना रखमाजीने मला आठव्या दगडाच्या जागी थांबवलं. महिपतीने काळा दगड आणून दिला आणि रखमाजीने हातांनी खळगा चाचपून तो जुन्या जागी बसवला.

लीलाबाईंनी त्याला पुण्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येणार नव्हती. तरी रखमाजीने त्यानंतर पाच हिवाळे मागचा दांडा धरला आणि एकदाही उत्तर चुकवलं नाही. नंतर खांदा थकला आणि उरलेली नजरही गेली.

जानेवारी १९३८ मध्ये महिपती त्याच्या दारात आला. "रखमाजीभाऊ, चला. खुर्ची काढलीया."

"कोन बसनार?"

"तुमीच की. उचलून उचलून दमलासा, आता बसून बघा. वेताला ढेकूण न्हाईत."

रखमाजी माझ्यावर बसला. चोवीस हिवाळ्यांत पहिल्यांदाच. खिंड आली. नियमाप्रमाणे बसणाऱ्याने गप्प राहायचं. पण पहिल्या दगडाच्या दहा पावलं आधी माझ्यावरून हाळी आली, "दगूड डावा!" महिपतीने ती दिलीच नव्हती. तो हसला आणि चारही जणांनी उत्तर दिलं, "डावा!" अकराच्या अकरा हाळ्या रखमाजीने दिल्या. अकराच्या अकरा बरोबर आल्या.

एक गोष्ट त्याला कोणी सांगितली नाही. महिपती आदल्या दिवशी एकटाच ती वाट चढून गेला होता. मला हे कसं कळलं? फेरीच्या दिवशी माझ्या पुढच्या दांड्यावरच्या त्याच्या हाताचं एक बोट फडक्याने बांधलेलं होतं आणि विचारणाऱ्याच्या कानात त्याने सांगितलं, "दगूड बसवताना चेचलं." सरकलेला दगड त्याने पुन्हा खळग्यात बसवला होता.

गडावरून परतल्यावर रखमाजीने विळा मागितला आणि चाचपून शेवटची रेघ ओढली. दोनशे चौदावी. ती थोडी तिरकी आहे.

आता १९४७ चा हिवाळा चालू आहे. मोटारी झाल्या, डोलीत बसायला लोक लाजतात. मी महिपतीच्या पडवीत दोन खुंट्यांवर टांगलेली आहे. माझ्या वेतावर लसूण वाळतो आणि कोंबडी अंडी घालते. याची माझी तक्रार नाही. माझी चीर दिसली की महिपती तिच्यावरून बोट फिरवतो, एवढं मला पुरे आहे.

मित्रांनो, तुम्ही सुट्टीत आमच्या डोंगरांत जरूर या. धुकं बघा, शेकोटी करा, चूल मांडा. फक्त वाटेवरचा दगड उचललात, तर निघताना तो होता त्याच जागी ठेवून जा. तो तिथे आहे असं धरून कोणीतरी पाऊल टाकत असेल.