दोन षटकांचा माणूस

"त्याच्याकडनं बॉल काढून घेतला कावून, एवढंच सांगा मला कुणीतरी," बबनराव चहाची बशी ओठांपाशी धरून म्हणाले. "दोन ओव्हरी टाकल्या. दोन गडी काढले. दीडशेची भागीदारी मोडली गड्यानं. आन् कप्तान म्हणतो, दे इकडं. आसं आसतंय का कुठं?"

हॉटेलातली चार माणसं हसली. अजिनाथ हसला नाही. बाकड्याच्या टोकाला बसून तो टाळांची दोरी नव्यानं ओवत होता. कालचा सामना त्यानंही मोबाइलवर पाहिला होता. मुख्य गोलंदाजाचा पाय मुरगळला म्हणून चौथ्या नंबरवर खेळायला येणाऱ्या आपल्या फलंदाजाच्या हाती चेंडू दिला होता. सामना कुठलाही असो, अजिनाथ त्याच घटकेची वाट पाहायचा. नेहमीचे गोलंदाज दमतात, कप्तान चौफेर बघतो आणि कुणा फलंदाजाकडे चेंडू फेकतो. तो बिचारा टोपी काढून पंचाच्या हाती देतो, चार पावलांत येतो आणि ज्याला तासभर कुणी हलवू शकलं नाही त्याचा त्रिफळा उडवतो.

"वर कॉमेंट्रीवाला त्याला कामचलाऊ म्हणतो," अजिनाथ म्हणाला. "गडी काढल्यावरबी कामचलाऊच."

"मग काय म्हणायचं? त्याचं काम बॅटिंगचं."

"हात काय आपोआप फिरतो का, बबनराव? सगळे घरी गेल्यावर नेटमधी एकटाच टाकीत आसंल की रोज. ते कुणी बघतंय का?"

"तुला बरं ठावं."

"मी टाकल्यात," अजिनाथ म्हणाला आणि दोरीला गाठ मारली.

ते खरं होतं. पंचवीस वर्षांमागं तो उमापूरच्या संघाकडून सलामीला खेळायचा, आणि डोक्यावर ऊन आलं की कप्तान म्हणायचा, अज्या, जरा हात फिरव. आता तो ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा होता. एका आळीचा वाल बंद करायचा, दुसऱ्या आळीचा उघडायचा. सप्त्यात तो टाळकरी. एकोणीस वर्षं कीर्तनकाराच्या मागं पहिल्या रांगेत उभा. सगळ्या गावाला एवढं माहीत होतं.

माहीत नव्हतं ते असं, की प्रत्येक सप्त्यात अजिनाथच्या पोटात एक अख्खं कीर्तन तयार असे. अभंग, त्याचं ध्रुपद, प्रमाणं, दृष्टांत, सगळं. टाकीखाली वालापाशी उभं राहून, एक आळी भरेपर्यंतच्या पाऊण तासात तो ते सिमेंटच्या खांबांना ऐकवायचा. त्याची बायको चंद्रभागाबाई त्याला हसायची. "खांबं डोलाया लागलीत का न्हाई अजून?" म्हणून विचारायची. पण सप्त्याच्या आठ दिवसांत त्याच्या ताटात कांदा-लसूण येऊ द्यायची नाही. बोलावणं आलंच तर.

आज काल्याचं कीर्तन. सप्त्याची समिती बबनरावांच्या हातात, आणि त्यांनी यंदा मोठे महाराज ठरवले होते. चौकातल्या फलकावर महाराजांचा चेहरा बैलगाडीच्या चाकाएवढा होता. मंडप भरला. बुंदीच्या वासानं लेकरं चुळबुळायला लागली. दहा वाजले, सव्वादहा वाजले आणि बबनरावांचा फोन वाजला.

"मांजरसुंब्याला अडकलेत," ते घाम पुसत मागं आले. "नांदूरघाटचं कीर्तन उरकून निघालते, घाटात ट्रक आडवा झालाय. अजिनाथ, उभा ऱ्हा जरा. अर्धा-पाऊण तास ओढ."

"ओढू म्हंजी?"

"म्हंजी चालू ठिव. लोकं उठली न्हाई पायजेत."

अजिनाथनं टाळ गळ्यातून काढून मांडीवर पुसले आणि शेजाऱ्याकडे दिले. म्हाताऱ्या विणेकऱ्यानं, सुंदररावांनी, त्याच्या गळ्यात वीणा घातली, कपाळाला बुक्का लावला आणि वाकून त्याच्या पायांना हात लावला. सुंदरराव वयानं त्याच्या बापाएवढे. पण नारदाच्या गादीवर जो उभा राहतो त्याचं वय, काम, आडनाव कुणी विचारत नाही. तेवढ्या जागेपुरता तो सगळ्यांना वंदनीय असतो. हे असं आहे म्हणून तर कीर्तन हे कीर्तन आहे.

सुंदररावांनी मग ताटातल्या हाराकडे पाहिलं. बबनरावांनी मानेनंच नाही म्हटलं. हार एकच आणला होता.

अजिनाथनं गजर धरला. काल्याच्या दिवशी गोकुळाची लीला सांगायची असते. ती त्यानं सांगितली. गायी, गवळी, शिदोऱ्या. लोक हसले, लेकरं शांत बसली. आणि मग तो, टाकीखाली रोज यायचा तसा, त्या वळणावर आला.

"माय-बाप, गोकुळात ज्या हातानं गायी राखल्या ना, ते हात पुढं मोठं झाल्यावर काय करीत होते? राज्य करीत होते? न्हाई. रणात रथ हाकीत होते. गाडीवान झालता देव. आन् भर लढाईत, दुपारच्या उन्हात, घोडे थकले. अंगात बाण घुसलेले, तोंडाला फेस. समोर शत्रू उभा. दुसरा कुणी आसता तर म्हणला आसता, चाबूक वढ. देवानं काय केलं? रथ थांबिवला. घोडे सोडले. एक-एक बाण हातानं काढला, आन् घोड्याच्या मानेवर हात फिरवीत म्हणला..."

पुढच्या रांगेत भामाबाई बसल्या होत्या. ऐंशीची म्हातारी, जन्मभर उसाच्या फडात बैलगाडीमागं चाललेली. बैलाला पाणी पाजल्याशिवाय आपण घोट घ्यायचा नाही, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यांनी पदर तोंडात धरला होता आणि डोळ्यांना धार लागली होती. अजिनाथला त्या दिसल्या. एकोणीस वर्षं ज्या जागेची वाट पाहिली ती जागा आता पायाखाली होती.

बाहेर हॉर्न वाजला. लांबलचक. मंडपाच्या दारात धूळ उठली, माणसं माना वळवायला लागली. आणि अजिनाथच्या उपरण्याला मागून कुणीतरी ओढलं.

"आटप," बबनराव कुजबुजले. "आले."

"धा मिनटं. घोड्यांना पाणी पाजून घेतो."

"आरं आले ना महाराज. सोड आता."

"गादीवरनं उठवीत न्हाईत, बबनराव," सुंदरराव हळूच म्हणाले. ध्वनिक्षेपकातून ते कुणाला ऐकू गेलं नाही. तोवर महाराजांसाठी थांबलेल्या कॅमेरावाल्यानं भिंगावरचं झाकण काढलं होतं, महाराज हात जोडत मंडपात शिरले होते आणि तो एकुलता हार ताटातून उचलला गेला होता.

महाराज माणूस वाईट नव्हते. घामाघूम झाले होते, अजिनाथच्या पायांना त्यांनी रीतीप्रमाणे हातही लावला. मग माइक जवळ घेऊन म्हणाले, "आमची गाडी येईपर्यंत या माउलींनी छान वेळ काढला. टाळ्या वाजवा सगळ्यांनी."

टाळ्या वाजल्या. अजिनाथनं गळ्यातली वीणा काढली. चामड्याचा पट्टा घामानं ओला झाला होता. त्याला वाटलं, हे सगळं फेकून सरळ घरी निघून जावं. पण मागं रांगेत त्याची जागा मोकळी होती आणि त्या मोकळ्या जागेमुळं रांग वाकडी दिसत होती. टाळ काही बबनरावांचे नव्हते. तो जाऊन उभा राहिला आणि महाराजांच्या पहिल्याच चरणाला त्यानं टाळ असा लावला की पखवाजवाल्यानं मान वर करून पाहिलं.

काला झाला, हंडी फुटली, पंगती बसल्या. बबनराव बुंदीचं घमेलं घेऊन वाढत अजिनाथच्या पानापाशी आले.

"लई भारी निभावलं गड्या आज. पुढच्या सालीबी आशीच तयारी ठिव. काय सांगावं, लागंल."

अजिनाथनं पानावर हात आडवा धरला.

"बबनराव, सकाळी कप्तानाला शिव्या कोण देत होतं?"

"कोणता कप्तान?"

"कालचा. दोन गडी काढले आन् बॉल काढून घेतला म्हणून."

बबनराव आधी हसले, मग हसायचे थांबले. "आरं, ते येगळं. लाखाची बिदागी देऊन आणलंय महाराजांना. त्यांना काय उभं ठिवायचं?"

"त्यांनाबी ऐकूशी वाटलं आसतं," अजिनाथ म्हणाला. "मला हार नगं होता. कॅमेराबी नगं होता. घोडे तहानलेले हुते, बबनराव. तुमी माझं कीर्तन मोडलं न्हाई. देवाच्या हातनं भांडं काढून घेतलं."

बबनरावांच्या हातातलं घमेलं कलंडलं, थोडी बुंदी मातीत सांडली. ते पुढच्या पानाकडे वळले. अजिनाथनं पानातलं सगळं संपवलं. प्रसाद टाकत नाहीत.

चार वाजता तो टाकीवर गेला. पाणी सोडायचा दिवस होता, आणि सप्ता असो की काही असो, खालच्या आळीला आज तीन दिवसांनी पाणी मिळणार होतं. त्यानं वालाची कळ फिरवली. नळ्यांतून हवा सुटली. टाकीच्या खांबांकडे त्यानं पाहिलं नाही. आज त्यांना सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मागं काठी वाजली. भामाबाई येत होत्या. डोक्यावर हंडा नव्हता, हाती कळशीही नव्हती. धापा टाकत त्या खांबाच्या बुडाशी, सिमेंटच्या कट्ट्यावर बसल्या.

"आजे, पाणी तुमच्या नळाला येईल की आता. इथवर कावून आल्या?"

"पाण्याला न्हाई आले," म्हातारी म्हणाली. पदरानं तोंड पुसलं. "जेवण गेलं न्हाई मला. ते घोडे तसेच उभे ऱ्हायले बघ डोळ्यांपुढं. पाणी प्याले का रं ते?"

अजिनाथनं कळीवरचा हात काढला. खालच्या आळीत पहिल्या नळाला पाणी आल्याचा, रिकाम्या घागरीत धार पडल्याचा आवाज झाला. त्यानं कपाळाला हात लावून पाहिला. सकाळचा बुक्का अजून होता. मग पायांतल्या चपला बाजूला काढून ठेवल्या, आणि तो भामाबाईंसमोर उभा राहिला.