मधल्या प्लगचं माप

०.८०

मारुती आठशेला प्लग तीन. तिन्हीच्या टोकाची फट सारखी हवी, ०.८० मिलिमीटर. फिलर गेजची तेवढ्या जाडीची पोलादी पत्ती त्या फटीतून घासत गेली पाहिजे, पण अडकता कामा नये.

गाडी भालकीजवळच्या मेहकरच्या अंकुशराव काकांची. माझे वडील, जगदेवप्पा, यांनी ती सतरा वर्षं सांभाळली. अप्पा श्रावणात गेले. भालकीच्या बसस्टँडमागचं गॅरेज आता मी एकटी चालवते.

त्यांच्या बायकोला, सत्यभामा काकूंना, दर सोमवारी आणि गुरुवारी डायलिसिसला बिदरला न्यावं लागतं. एक वार चुकला की पाय सुजतात, दोन चुकले की श्वास पुरत नाही. बस त्यांना लागते. म्हणजे ही गाडी चालायलाच हवी, आणि ती बिदरच्या वाटेवर हलबर्ग्याच्या पुढं झटके द्यायला लागली होती.

प्लग काढले. पहिला आणि तिसरा विटकरी रंगाचे, निरोगी. मधला काळाकुट्ट.

नवे आणायला गेले तर दुकानातल्या प्रभुलिंगनं लांब आट्यांचे पुढं केले. "हेच घे अक्का. जास्त दिवस चालतेत."

"आत पिस्टनवर आपटतेत आणि फट मिटते. जुन्याच नंबरचे दे."

तिन्ही ०.८० ला लावून बसवले. गाडी शांत झाली.

निघताना एक दिसलं. काकू मागं बसल्या होत्या. पुढची सीट रिकामी, पण तिचा पट्टा लावलेला.


०.६२

गुरुवारी दुपारी काका परतले. "पुन्हा तेच. तुझ्या अप्पाचा हात असता तर..."

"अप्पांचा हात मातीत हाय, काका. सध्या माझाच चालवून घ्या."

पहिला ०.८०. तिसरा ०.८०. मधला ०.६२. टोकावर कुठं मार लागल्याची खूण नाही.

०.६२ हा आकडा मला पाठ आहे.

अप्पांनी कधी गेज वापरलं नाही. डाव्या अंगठ्याचं नख फटीत घालायचे; तिन्ही प्लग त्याच एका मापाचे, म्हणून गाडी कधी अडली नाही. तरुणपणी त्यावर हातोडा बसलेला, तेव्हापासून ते शिंगासारखं जाड वाढायचं. एकदा मी गंमत म्हणून ते मोजलं होतं.

"माणसाचं नख एवढं जाड असतंय व्हय, अप्पा?"

"माणसाचं न्हाई गं. मेकॅनिकचं."


०.४९

फट पुन्हा ०.८० ला लावली. शिवाय या वेळी पहिला प्लग मधे आणि मधला पहिल्या जागी बसवला. प्लग खराब असेल तर दोष त्याच्याबरोबर सरकेल.

सोमवारी उघडलं. दोष सरकला नव्हता. मधल्या जागेचाच प्लग ०.४९, आणि त्याच्या टोकावरची काजळी कुणीतरी पुसलेली. अंगठ्यानं पुसतात तशी, एका बाजूनं.

काका चहा आणायला गेले होते. काकू मागच्या सीटवर डोळे मिटून होत्या. मी पुढचं दार उघडून बसायला गेले.

"तिथं नको," काकू म्हणाल्या. "तुझे अप्पा बसलेत की."

मी दारातच थांबले.

"कामून घाबरायलीस? कुणाला काय करत न्हाईत. बोलतबी न्हाईत. नुसतं इंजिन ऐकत बसतेत."


मधली जागा (इथं मोजलं नाही)

आम्हा लिंगायतांत माणसाला बसवून पुरतात. अंग ताठायच्या आत बसवावं लागतं. अप्पा बिदरच्या दवाखान्यात गेले, तिथून भालकी चाळीस किलोमीटर. काका म्हणाले, माझी गाडी हाय की. त्यांना पुढच्या सीटवर बसवलं. पट्टा लावला. मी मागून दोन्ही हातांनी त्यांचं कपाळ धरून बसले होते. विभूती माझ्या बोटांना लागत होती.

हलबर्ग्याच्या चढावर गाडीनं झटका दिला. काकांना सतरा वर्षांची सवय. शेजारी बघून बोलून गेले, "अप्पा, तेवढं बघा की जरा."

झटके थांबले. गाडी घरापर्यंत लोण्यासारखी आली.

मेलेल्या माणसाला वाट सांगतात, पाणी देतात. काम सांगत नाहीत.


०.३०

"मीच सांगितलं, मीच परत घेतो," काका म्हणाले. गुरुवारी बिदरहून आल्यावर गॅरेजच्या दारात त्यांनी बोनेटवर नारळ फोडला, टोपी काढली, हात जोडले. "अप्पा, झालं काम. उठा आता."

पट्टा तसाच ताणलेला. रिकाम्या सीटचं रेक्झिन मधे खचलेलं.

मागून काकू हसल्या. "अर्धवट कामावरून कधी उठले होते का त्ये? जेवायला तरी उठायचे का, इचारा त्यांच्या पोरीला, शैलाला."

मी मधला प्लग काढून हातात धरला होता. ०.३०. बासष्ट, एकोणपन्नास, तीस. अप्पांचं माप चुकणं शक्य नव्हतं. सतरा वर्षांत चुकलं नव्हतं.

मग माप कमी का व्हायलंय?

श्रावणापासून सहा महिने झाले होते. काळी माती, त्यात पावसाचं पाणी. अप्पा त्यांच्या मापानं काम बरोबर करत होते. मातीत मऊ पडलेलं नख दर मापाला झिजत होतं.




०.००

सोमवार. मी ०.८० लावून दिलेली.

हलबर्ग्याचा चढ.

दोन सिलिंडरवर रेटत गेली, मग बंद. उसाच्या ट्रॅक्टरवाल्यानं दोर लावून ओढत नेली. तीन तास उशीर. काकूंचे ओठ निळे पडले होते, काका सांगताना रडले.

मधल्या प्लगची दोन्ही टोकं एकमेकांना चिकटलेली. केसही जाणार नाही.

नख संपलं.


०.८०

"दुसरी गाडी ठरवायलोय," काका म्हणाले.

"मग मी येत न्हाई," काकू म्हणाल्या. आवाज पातळ झाला होता. "तिथं तासन् तास सुया टोचून पडायचं. जाताना तरी कुणी सोबत नको का? तुम्ही तर रस्त्याकडंच बघता."

काका माझ्याकडं बघायला लागले. अप्पा असते तर अप्पांकडं बघितलं असतं.

मी फिलर गेज घेतलं. त्याचा स्क्रू सोडवला आणि पंख्यासारख्या पसरलेल्या पत्त्यांमधून ०.८० ची पत्ती काढली. फडक्यानं पुसली. पुढच्या सीटपाशी गेले, डाव्या दारातून वाकले आणि जिथं माणसाचा डावा हात मांडीवर येतो तिथं, रेक्झिनच्या शिवणीत ती खोचली.

पुरताना त्याच तळहातात आम्ही त्यांचं इष्टलिंग ठेवलं होतं.

"अप्पा," मी म्हटलं, "नखाचं आता सोडा. हे धरा."

लहान असताना मी पाना चुकीचा दिला की ते हात पुढं करून नुसते थांबायचे. बरोबरचा दिला की बोटं मिटायची. मला तसं वाटलं, की बोटं मिटली. पत्ती शिवणीत थोडी आणखी आत गेली. माझा हात तिला लागला नव्हता.

त्या गुरुवारी मी मुद्दाम मधल्या प्लगची फट लावलीच नाही. खोक्यातून काढला तसा बसवला, आणि दिवसभर दुसरं कुठलंही काम केलं नाही.

चार वाजता गाडी आली. आवाज कोपऱ्यावरूनच ओळखला. असा आवाज श्रावणापासून ऐकला नव्हता. काकूंनी खिडकीतून हात काढला. ओठांना रंग होता.

"आज गुणगुणत व्हते," त्या म्हणाल्या.

गॅरेजमधलं गेज आता अपुरं होतं. शेजारच्या गॅरेजातून मागून आणलं. मधला ०.८०. पहिला आणि तिसरा सकाळी मी खोलले नव्हते, कुणीच खोलले नव्हते. आता काढून बघितले, तर त्यांच्याही टोकांवरची काजळी एका बाजूनं पुसलेली होती.


०.७९

आठ सोमवार, आठ गुरुवार नीट गेले. काकू आता पुढच्या सीटला मागून टेकून झोपतात.

काल मधला प्लग ०.७९ निघाला. पुन्हा मोजला. मग सीटच्या शिवणीतून पत्ती हळूच ओढली. कुणाच्या तरी बोटांतून काढावी तसा जरा जोर लागला. ती ऊन होती. एक बाजू आरशासारखी गुळगुळीत झालेली, आणि तिथं विभूतीसारखं पांढरं काहीतरी.

पोलादही झिजतं. नखापेक्षा हळू, एवढंच.

पत्ती परत खोचली आणि प्रभुलिंगच्या दुकानात गेले. एका फिलर गेजात ०.८० ची पत्ती एकच. गेज मागितले. पाच.

"पाच?" तो हसला. "एका माणसाला पाच कामून गं अक्का?"

"मला न्हाई," मी म्हटलं. "काकूंना लागतेत."