पदराचा हात

आईला लकवा झाला तेव्हा मी शेलूबाजारहून, सासरहून, बैलांच्या दमणीत बसून माहेरी मेडशीला आले. छप्पन साल असावं. आईची, म्हणजे रंगूबाईची, डावी बाजू गेली होती. महिन्याभरानं ती उठू लागली, पण डावा पाय केव्हा दगा देईल याचा नेम नव्हता. मालेगावचे डॉक्टर बाबांना म्हणाले, "जपा. पडल्या अन् खुबा मोडला, तर पुन्हा खाटेवरून उठणं नाही."

मी खाटेपासून दारापर्यंत भिंतीला दोर बांधला. उजव्या हातानं तो धरून आई चालायला शिकली. चार पावलं टाकली की वाकड्या तोंडानं माझ्याकडे बघून हसायची.

घोळ घातला तो मोठेबाबांनी. बबनराव, माझ्या बाबांचे थोरले भाऊ, आईचे भासरे. जीव लावणारा माणूस, रोज संध्याकाळी भावजयीची खबर घ्यायला यायचे. बायकांनी सावरून बसावं म्हणून दाराशी खाकरायचे. ते ऐकलं की आई खाटेवरून उठलीच. भासऱ्यासमोर खाटेवर बसायचं नाही, डोकं उघडं ठेवायचं नाही, बोलायचं तर नाहीच. तीस वर्षांत दोघांत एक शब्द झाला नव्हता. आता पदर घ्यायला चांगला हात एकच, आणि दोर धरायलाही तोच. आई दोर सोडायची. दोनदा पडली. दुसऱ्यांदा कपाळाला खोक पडली.

"कायले उठतं वं माय?" मी ओरडलेच. "जीव जाईन एखाद्या दिवशी!"

"मंग काय त्याइच्यासमोर बसून राहू?" ती म्हणाली. जशी मीच वेडी.

बाबा भावापुढे तोंड उघडणार नाहीत हे मला ठाऊक होतं. मग मीच मोठेबाबांकडे गेले आणि फटकन बोलले, "तुमी येऊ नका. तुमी आले का माय उठते अन् पडते." हातातली चिलीम विझली तरी ते तसेच बसून राहिले.

आठ दिवस ते आले नाहीत. मी खूश. पण आईनं दोर धरणंच सोडलं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. "माह्यं काय चुकलं? काहून येत नाहीत ते?" मी खरं सांगून टाकलं, तर माझ्याशी अबोला. माझ्या शहाणपणाचा मलाच राग आला.

नवव्या दिवशी मोठेबाबा आले, ते न खाकरता. खाकरलं नाही तर ती उठणार नाही, असा त्यांचा भाबडा अंदाज. पण मी तिला नुकतंच बळंबळं दोराशी उभं केलं होतं, आणि पाण्याची घागर सरकवायला वळले होते. आईला ते एकदम समोर दिसले. तिचा हात दोर सोडून पदराकडे गेला आणि डावा गुडघा मोडला. मी काही पोचले नसते. मोठेबाबांनी धावत येऊन तिचे दोन्ही दंड धरले. भासऱ्यानं भावजयीला शिवायचं नसतं. मागून आलेले बाबा दारातच थिजले.

"बस, माय," मोठेबाबा म्हणाले. "तू बसून राह्यली तरच मी येईन. नाही त येत नाही."

त्यांनी तिला खाटेवर टेकवलं आणि मागं सरकून उभे राहिले. आता ही पुन्हा उठते की काय, म्हणून मी पुढे झाले. आईनं सावकाश पदर घेतला. उठली मात्र नाही. मान खाली घालून, जडावल्या जिभेनं ती त्यांना म्हणाली, "तुमी बी बसा."